आमची टाकी भरतच नाही

आमच्याकडे गावात घर बांधून झालं की लोक दोन गोष्टी मिरवतात, एक म्हणजे स्लॅबात सळाख किती टाकली आणि दुसरी म्हणजे संडासची टाकी केवढी खोदली. "दहा बाय दहाची हाय भाऊ, नातवाच्या लग्नापर्यंत पाहा लागत नाही." जुन्या घराचे मोठेबाबा तर त्याच्याही पुढे, "वीस वर्सं झाली, एकडाव उपसली नाही!" मग ओसरीवर बसलेले सगळे कौतुकानं माना हलवतात.

मला मात्र हे ऐकलं की यांची विहीर टाकीपासून किती लांब आहे ते आधी बघावंसं वाटतं. कारण सेप्टिक टाकी भरलेलीच असते हो, तशीच असायला पाहिजे. वापर सुरू झाला की पाणी बाहेर जायच्या पाइपापर्यंत चढतं आणि मग कायम तिथंच राहतं, इकडून जेवढं आत येतं तेवढंच तिकडून शोषखड्ड्यात जातं. जड गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधलं पाणी पुढे सरकतं. गाळ कुजून कमी होतो पण संपत नाही, म्हणून घरात माणसं किती त्यावर साधारण दोन-तीन वर्षांनी उपसा करावा लागतो. मग वीस वर्षं न उपसलेल्या टाकीचं काय, तर बहुतेक वेळा मिस्त्रीनं तळच टाकलेला नसतो आणि सगळं खाली मुरत असतं, नाहीतर गाळ पुढे जाऊन शोषखड्डा बाद झालेला असतो. आणि त्याच मोठेबाबांच्या बोअरचं पाणी आपण चहाला घेतो.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, आणि पावसात फुगून अशी चिकट की पाणी खाली उतरायचं नावच घेत नाही. कापसाला झकास, शोषखड्ड्याला अजिबात नाही. म्हणून झड लागली की दोन-चार दिवसांत संडासात बादली ओतली तर पाणी आधी वर येतं, मग विचार करत करत उतरतं, आणि न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते. आता एकाच ठिकाणी तुंबलं असेल तर तिथल्याच पाइपात केस नाहीतर काहीतरी अडकलंय, पण घरभर सगळीकडे एकदम मंदावलं तर दोष टाकीत किंवा तिच्या पुढे असतो. आपण काय करतो, तर दुकानातून ॲसिड आणून ओततो, त्यानं टाकीतले जंतू मरतात जे बिचारे फुकटात गाळ खात होते, आणि मग कोणीतरी सांगतं की गूळ आणि शेण टाका. काही गरज नाही, जंतू रोज सकाळी आपोआप पोचतात.

मे महिन्यात पण खुणा दिसतात बरं का. सगळं आवार करपलेलं आणि शोषखड्ड्याभोवतीच तेवढं हिरवंगार गवत, शेजारच्या बकऱ्या बरोबर तिथंच. नुसता वास येत असेल तर मात्र लगेच घाबरू नका, पाहुण्यांच्या बाथरूमात महिनाभर कोणी गेलं नाही की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी वाळून जातं आणि वास मोकळा वर येतो. एक तांब्या पाणी ओता, झालं.

टाकीतून काय काय निघतं हे एकदा उपसताना बघाच. खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) पन्न्या! खाऊन झाला की पन्नी संडासात, ती कुजत नाही, पाइपाच्या वळणावर बसते आणि वरून येणारं सगळं अडवते. पॅडचंही तेच. रश्शाची तर्री भांड्यांसोबत धुऊन मोरीत सोडली की थंड होऊन पाइपाला आतून चिकटते, तिच्यासाठी कागदानं भांडं पुसणं एवढंच औषध.

उपसायचं ते मिरग लागायच्या आधी, भर पावसात रिकामी केलेली टाकी बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तडकू शकते. आणि पाइपानं मैला ओढणाऱ्या गाडीवाल्यालाच बोलवा, माणूस आत उतरवू नका, रोजी कितीही कमी मागत असला तरी. आतल्या गॅसनं दोन श्वासांत माणूस पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. 2013 च्या कायद्यानं हे बंद आहे तरी गावात चालतं, याचा मला खरंच राग येतो. झाकण उघडल्यावर जवळ बिडीही नको.

फक्त तालुक्याहून गाडी येते, पाइप सोडून गाडीवाला विचारतो, "झाकण कुठं हाय?" आणि घरातले चार जण चार दिशांना बोट दाखवतात, कारण मागच्या दिवाळीत त्याच्यावर टाइल्स बसल्या.