यलो लॅबची तिसरी वीण : २७ जुलै ते ९ ऑक्टोबर

माझ्या टाकीतल्या यलो लॅब या पिवळ्या माशाच्या पहिल्या दोन विणींतून हाती एकही पिल्लू लागले नाही, म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वहीत नोंदी ठेवल्या. तोंडात अंडी उबवणारे सिक्लिड कुळातले मासे मुंबईतल्या फ्लॅटमध्ये पाळणाऱ्यांना त्या उपयोगी पडाव्यात. विशेषतः तोंडातली पिल्ले काढायला मादीला हात नेमका कधी लावायचा, या एका प्रश्नापुरत्या.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. हिशेबाने २५५ लिटर होतात, पण दगड आणि वाळू वजा जाता पाणी २०० लिटरच्या आसपासच मावते. त्यात एक नर आणि चार माद्या आहेत. हा मासा मूळचा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. १९५६ साली प्राणिशास्त्रज्ञ फ्रायर यांनी त्याला लॅबिडोक्रोमिस सेरुलियस हे नाव दिले. सेरुलियस म्हणजे निळसर. पिवळ्याधमक माशाचे हे नाव ऐकून पाहुणे हसतात, पण त्याच सरोवरात या जातीचे पांढुरके-निळसर मासेही आहेत. आपल्याकडे दुकानांतून फिरतो तो पिवळा.

मलावीचे पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ७.७ ते ८.६. मुंबईच्या नळाला येणारे पाणी मात्र भातसा, वैतरणा, तानसा अशा सह्याद्रीतल्या तलावांत साठलेले पावसाचे पाणी असते, आणि माझ्या घरी त्याचा पीएच ७.२ ते ७.४ भरतो. म्हणून तळाला कोरलची वाळू घातली आहे आणि बदलायच्या प्रत्येक १०० लिटर पाण्यात खाण्याच्या सोड्याचा एक सपाट चहाचा चमचा विरघळवते. एवढ्यावर पीएच ८.२ ते ८.३ ला स्थिर राहतो. बाटलीबंद रसायने मी दोन वर्षांपूर्वीच बंद केली. त्यांनी आकडा वर जातो तसाच खालीही येतो, आणि माशाला चढउतार कमी पीएचपेक्षा जास्त बाधतो असे माझे मत झाले आहे.

आधीच्या दोन फजित्या थोडक्यात सांगते. पहिल्या वेळी मादी अगदी नवखी होती. चौथ्या दिवशी तिने अंडी गिळून टाकली आणि पाचव्या दिवशी इतरांबरोबर दाणे खायला आली. नवख्या मादीचे असे होतेच. दुसऱ्या विणीचा दोष सर्वस्वी माझा. अकराव्या दिवशी, भर दुपारी, जाळी घेऊन मी अर्धा तास तिच्या मागे लागले. शेवटी ती जाळीत आली, पण येण्याआधी तोंडातले सगळे ओकून मोकळी झाली होती. अंड्यातला पिवळा बलक पोटाला लोंबत असलेली ती पिल्ले धड पोहूही शकत नव्हती. बाकीच्या माशांनी मिनिटभरात फन्ना उडवला.

२७ जुलै, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास नराने डाव्या कोपऱ्यातल्या सपाट दगडावरची वाळू साफ केली होती आणि तो मादीसमोर अंग थरथरवत होता. दोघे एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरू लागले. मादी दोन-तीन अंडी टाके, लगेच वळून ती तोंडात उचले, आणि मग नराच्या गुदपराजवळ (पोटाखालच्या मागच्या पराजवळ) तोंड नेई. त्या परावर पिवळसर ठिपके असतात. ते अंड्यांसारखे दिसतात म्हणून मादी तिथे तोंड लावते, आणि त्याच क्षणी नराचे शुक्रद्रव्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात, असे स्पष्टीकरण प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक विकलर यांनी १९६२ साली मांडले होते. अंडी भिजवलेल्या बारीक साबुदाण्याएवढी, मधाच्या रंगाची. हा कार्यक्रम पाऊण तास चालला.

तोंडात अंडी असलेली मादी ओळखणे अवघड नाही. हनुवटीखालची त्वचा पिशवीसारखी लोंबते, कल्ल्यांची झाकणे किंचित उघडी राहतात आणि दर काही सेकंदांनी ती चघळल्यासारखा जबडा हलवते. हे अंडी उलटीपालटी करणे असते. त्याने त्यांना ताजे पाणी मिळते. दाणे टाकले की ती सवयीने वर येते, दाण्याजवळ थांबते आणि मागे फिरते. तिसऱ्या दिवशी हे पाहून सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझ्या माशानेसुद्धा श्रावण धरलाय वाटतं.” मी म्हटले, “आई, तिचा श्रावण आपल्यापेक्षा कडक आहे, फराळसुद्धा नाही.” आपल्या बाजारात येणाऱ्या शिंगाळ्यातही अंडी तोंडातच उबवली जातात, फक्त तिथे ते काम नराकडे असते आणि अंडी गोटीएवढी मोठी असतात, हे सांगितल्यावर त्यांना ते माहीत असल्याचे निघाले, कारण साफ करताना त्यांनी शिंगाळ्याच्या तोंडातून ती काढलेली आहेत.

पुढचे दोन आठवडे मी टाकीत हात घातला नाही, आणि या विणीत काही शहाणपणाचे केले असेल तर ते हेच. पाणी आठवड्याला २० टक्क्यांपेक्षा जास्त बदलले नाही. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी किंचित गढूळ येते आणि क्लोरीनचा वासही जाणवतो, त्यामुळे सकाळी भरलेल्या बादल्यांत अँटिक्लोरीन घालून, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून, ते पाणी दुसऱ्या दिवशीच वापरले.

१४ ऑगस्ट, अठरावा दिवस. हा दिवस निवडण्याचे कारण असे की २७ अंशांच्या पाण्यात साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले स्वतंत्र होतात. अठराव्या दिवशी बलक जवळजवळ संपलेला असतो, पण मादी अजून त्यांना सोडू लागलेली नसते. संध्याकाळी आधी दोन मोठे दगड काढून ठेवले, म्हणजे रात्री पकडताना लपायला जागा उरत नाही. दिवे साडेनऊला बंद केले. साडेअकराला मोबाइलच्या मंद उजेडात पाहिले तर ती नेहमीच्या कपारीत निश्चल होती. जाळीऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा डबा तिच्यासमोर धरला आणि मागून हात हलकेच पुढे नेला. ती आपोआप डब्यात शिरली. मिनिटभरही लागले नाही.

नंतरचे काम दोन हातांचे आहे, तिसरा हात उजेड धरायला लागतो. मी तिला ओल्या हातात, ओल्या जाळीच्या घडीत धरले, तोंड टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पातेल्यावर खाली केले आणि टोक घासून बोथट केलेल्या बांबूच्या काडीने खालचा ओठ किंचित दाबला. क्षणभर काहीच झाले नाही. मग जबडा उघडला आणि एक शेपटी बाहेर आली, वळवळली, पुन्हा आत गेली. मादीने ती ओढून घेतली होती. तिला पाच-सहा सेकंद पाण्यात बुडवून श्वास घेऊ दिला आणि पुन्हा प्रयत्न केला. या वेळी एकदम सात-आठ पिल्ले पातेल्यात पडली आणि लगेच तळाशी एकमेकांना बिलगून बसली. चार खेपांत तोंड रिकामे झाले. पिल्ले २३, प्रत्येक सेंटिमीटरभर, पोटावर टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका.

मादीला लगेच मोठ्या टाकीत परत सोडू नये. अठरा दिवसांच्या उपासाने तिचे पोट खपाटीला गेलेले असते आणि नर तिला पुन्हा हुसकू लागतो. मी तिला ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने पहिला दाणा खाल्ला आणि ३० ऑगस्टला अंग भरल्यावर तिला परत नेले. पिल्लांच्या संख्येपेक्षा हे सोळा दिवस मला महत्त्वाचे वाटतात.

पिल्लांची टाकी दोन फुटी, ५६ लिटरची. तिला मोठ्या टाकीतच महिनाभर चालवलेला स्पंज फिल्टर लावला. पहिले दोन दिवस काही दिले नाही. तिसऱ्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीनविरहित जाडे मीठ, उलटी टांगलेली बाटली आणि एअर पंप एवढ्यावर मुंबईच्या हवेत २४ तासांत ती फुटते. तळाशी टॉर्च धरली की जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होते आणि टरफले वर तरंगतात. उकडलेल्या अंड्याचा बलक अजूनही काहीजण सुचवतात. तो पाणी नासवतो, पिल्लांच्या पोटात फार थोडा जातो. पहिल्या आठवड्यात पाठीला बाक असलेले एक पिल्लू गेले.

गणपतीत दोन गोष्टी झाल्या. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, हे धूप आणि कापूर लावल्यावर लक्षात आले, म्हणून पंप बेडरूमच्या खिडकीशी नेऊन लांब नळी लावली. (हा पंप बॅटरीवरही चालतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज तासन् तास गेली होती, तेव्हापासून मी बॅटरीशिवाय पंप घेत नाही.) दुसरी गोष्ट महागात पडली. २९ ऑगस्टला दर्शनाला आलेल्या एका चिमुरड्याने “त्यांना भूक लागली असेल” म्हणून मूठभर दाणे पिल्लांच्या टाकीत टाकले, आणि मला ते रात्री कळले. सकाळी अमोनियाची चाचणी हिरवी झाली होती, म्हणजे कुजलेल्या दाण्यांनी पाण्यात अमोनिया वाढला होता. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातले विषारी रूप पीएचबरोबर वाढते : २८ अंशांना पीएच ७ असेल तर ते एक टक्क्याहून कमी असते, ८.३ असेल तर साधारण १२ टक्के. म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण एवढी खटपट करतो, त्याच पाण्यात सांडलेला घास अधिक घातक ठरतो. तळ साफ केला, दिवसातून दोनदा ३० टक्के पाणी बदलले, दीड दिवस खाणे बंद ठेवले. तरीही चार पिल्ले गेली.

९ ऑक्टोबर. पिल्ले १८. सर्वांत मोठे २.४ सेंटिमीटर, पाठीच्या परावर काळी रेघ उमटू लागली आहे. दहा पिल्ले ओळखीच्या दोघांना देईन, तीही लाल झेब्रा या दुसऱ्या सिक्लिडबरोबर ठेवणार नाही या अटीवर, कारण या दोन जातींचा संकर सहज होतो आणि मळकट नारिंगी संतती यलो लॅब म्हणून पुढे विकली जाते. जास्तीचे मासे तलावात सोडण्याचा विचार कोणी करू नये. १९५२ साली भारतात आणलेली चिलापीही (तिलापिया) तोंडातच पिल्ले वाढवते, आणि आज ती पवईच्या तलावातही आहे.

मादीची हनुवटी २८ सप्टेंबरला पुन्हा फुगली. सासूबाई म्हणाल्या की आता नवरात्र धरले असणार. चार आठवड्यांची विश्रांती मला पुरेशी वाटत नाही, पण तिने मला विचारले नव्हते. अठरा पिल्ले घरात असताना आणखी काढायची नाहीत, म्हणून उजव्या कोपऱ्यात दगडांचा ढीग वाढवून ठेवला आहे. तिला सोडायची तेव्हा ती तिथे सोडेल, एखाददुसरे वाचेल. आज अकरावा दिवस आहे, आणि ती त्याच जुन्या कपारीत बसून जबडा हलवते आहे.