नवी एसएसडी आणि कोरी यादी : माझा अनुभव

विंडोज नव्याने टाकताना 'कोणत्या डिस्कवर टाकायचे' असे विचारणारा पडदा येतो. माझ्या संगणकावर तिथली यादी पूर्ण कोरी आली आणि माझे काम तिथेच अडले. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रात ज्यांना ही अडचण रोज ऐकावी लागत असणार, त्यांच्यापैकी एकानेही त्यावरचा साधा उपाय सांगितला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांच्याकडे असाच संगणक आहे त्यांना तरी तो आधी कळावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी घरूनच डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका आणि शाळांची वार्षिके वर्षभर चालू असतात. दिवाळीपूर्वी अंकांची पाने लावण्याची गर्दी असते. माझा डेस्कटॉप एका कंपनीचा तयार संच आहे. त्यात इंटेलचा १२व्या पिढीचा प्रोसेसर आणि १ टीबीची जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क होती. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा ११ वर जाणे भाग होते. मात्र त्या संथ डिस्कवर ते टाकण्यात अर्थ नव्हता. म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घेतली. विंडोज आणि डीटीपीची सॉफ्टवेअर एसएसडीवर, तर ग्राहकांच्या फायली जुन्या डिस्कवर, अशी वाटणी ठरवली.

डिस्क बसवण्याचे काम सोपे आहे. वीज बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारख्या एसएसडीसाठीच्या खाचेत) पट्टी तिरकी घालून हलकेच खाली दाबावी आणि स्क्रू लावावा. हा स्क्रू अगदी लहान असतो आणि तयार संचात बहुधा दिलेलाच नसतो, त्यामुळे एसएसडी घेतानाच दुकानदाराकडून मागून घ्यावा. आपल्या स्लॉटला एनव्हीएमई चालते की साटा या जुन्या, संथ जोडणीची एम.२, हेही बोर्डाच्या माहितीपत्रकात पाहून मगच खरेदी करावी. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात.

संगणक चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, नव्या डिस्कचे नाव दिसले. जुन्या विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही ती ४६५ जीबीची म्हणून दिसली. (कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे हा फरक पडतो, डिस्क कमी भरलेली नसते.) त्यानंतर विंडोज ११ च्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि पुढच्या पडद्यावर कोरी यादी आली. खाली एकच ओळ होती : ड्राइव्ह सापडले नाहीत, स्टोरेज ड्रायव्हर मिळवण्यासाठी 'लोड ड्रायव्हर' दाबा. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा एखादा भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर; पण कोणता ड्रायव्हर आणि तो कुठे मिळतो, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नव्हते.

मदत केंद्राला फोन केला. पहिले उत्तर मिळाले, "मॅडम, बाहेरून घेतलेली डिस्क कंपॅटिबल नसेल." बायोसमध्ये आणि जुन्या विंडोजमध्ये ती व्यवस्थित दिसते आहे, हे सांगितल्यावर उत्तर बदलले : स्लॉट खराब असू शकतो, संच सेवा केंद्रात आणून ठेवा, डेटाची जबाबदारी आमची राहणार नाही. सेवा केंद्रातल्या गृहस्थांनी तर बोर्ड बदलावा लागेल असे संच न उघडताच सांगितले. ऐन हंगामात ग्राहकांच्या फायलींसह संच तिथे ठेवून येणे मला शक्य नव्हते. शिवाय जी डिस्क जुन्या विंडोजला दिसते तिचा स्लॉट खराब कसा असेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

खरा उलगडा झाला तो जुनी हार्ड डिस्क परत जोडल्यावर. इन्स्टॉलेशनच्या वेळी मी तिची साटा केबल मुद्दाम काढून ठेवली होती. (ही काळजी प्रत्येकाने घ्यावी. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, तर विंडोज आपल्या सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कवरच्या बूट विभागात टाकते; पुढे ती डिस्क काढली की नवे विंडोज सुरूच होत नाही.) पडताळणीसाठी केबल जोडून पाहिली, तर ज्या डिस्कवरून हा संगणक रोज सुरू होतो तीही यादीत आली नाही. म्हणजे दोष नव्या डिस्कमध्येही नव्हता आणि स्लॉटमध्येही नव्हता. इन्स्टॉलर या संगणकातल्या कोणत्याही डिस्कपर्यंत पोचतच नव्हता.

याचे कारण व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. इंटेलने ही सोय आधी सर्व्हरसाठी आणली आणि ११व्या पिढीपासून ती घरगुती प्रोसेसरमध्येही आली. बायोसमध्ये ती चालू असली की डिस्क थेट विंडोजसमोर न येता या नियंत्रकाच्या मागे राहतात. हा नियंत्रक वाड्याच्या दिंडी दरवाजावरच्या पहारेकऱ्यासारखा आहे. ज्याला त्याची ओळख नाही, त्याला आतले कोणीच दिसत नाही. कंपनीने संच तयार करतानाच जुन्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर घातलेला होता, म्हणून तिथे सगळे दिसत होते. पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या विंडोजमध्ये तो नव्हता. थोडक्यात, जो ड्रायव्हर हवा असतो तो नव्या डिस्कचा नसून प्रोसेसरमधल्या या नियंत्रकाचा असतो. एनव्हीएमई डिस्कचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतोच, त्यामुळे एसएसडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो शोधत बसू नये.

इथून पुढे दोन मार्ग आहेत. बायोसमध्ये स्टोरेजच्या पानावर व्हीएमडी बंद करता येते. काही संचांत हाच पर्याय 'रेड' ऐवजी 'एएचसीआय' किंवा 'एनव्हीएमई' (डिस्क थेट जोडण्याच्या पद्धती) निवडण्याच्या रूपात असतो. अनेक डिस्क एकत्र बांधून रेड करायचे नसेल, तर घरगुती संगणकाला व्हीएमडीचा काही उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि जुने विंडोज ठेवायचे नसेल त्याने खुशाल हा मार्ग घ्यावा. मला मात्र नवे विंडोज पूर्ण बसेपर्यंत जुने चालू ठेवायचे होते. व्हीएमडी बंद केल्यावर जुने विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे दिसू शकते, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला : व्हीएमडी चालू ठेवून इन्स्टॉलरला ड्रायव्हर देणे.

इंटेलच्या संकेतस्थळावर 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' या नावाने आपल्या प्रोसेसरच्या पिढीचा ड्रायव्हर मिळतो. आपल्या संचाच्या कंपनीच्या पानावरही संचाचा अनुक्रमांक दिल्यावर तो स्टोरेजच्या विभागात सापडतो. इंटेलकडून येते ती एकच सेटअप फाइल, आणि ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ठेवून उपयोग नसतो, कारण इन्स्टॉलरला आतल्या सुट्या फायली लागतात. त्यासाठी चालू असलेल्या कोणत्याही विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फाइलच्या नावापुढे एक जागा सोडून उणेचे चिन्ह व त्याला जोडून 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा शब्द इंग्रजीत सलग लिहावा आणि पुढे नव्या फोल्डरचे नाव द्यावे. त्या फोल्डरमध्ये बरेच आत गेल्यावर 'व्हीएमडी' नावाचा फोल्डर सापडतो. तो पूर्ण फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर ठेवला तरी चालतो.

पुन्हा त्या कोऱ्या यादीपाशी येऊन 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउझ' आणि तो फोल्डर निवडला. जुळणारा ड्रायव्हर पडद्यावर आला; १२व्या पिढीसाठी त्याच्या नावाच्या शेवटी '४६७एफ' असे असते. 'नेक्स्ट' दाबले आणि काही क्षणांत यादीत ४६५ जीबीची ओळ उमटली. ती पाहून झालेला आनंद मी लपवणार नाही. बोर्ड बदलायला निघालेल्या लोकांना जे जमले नाही ते घरच्या टेबलावर झाले होते. ड्रायव्हर घालूनही यादी कोरीच राहिली, तर पिढी चुकली आहे किंवा सुट्या फायलींऐवजी सेटअप फाइल दिली आहे, असे समजावे.

विंडोज बसल्यावर बाकीच्या ड्रायव्हरना फार वेळ लागला नाही. चिपसेट, ग्राफिक्स आणि ध्वनी यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटने आणले. राहिलेले डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणांवरून ओळखून कंपनीच्या पानावरून घेतले. लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर मात्र आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. विंडोज ११ पहिल्याच सुरुवातीला इंटरनेट मागते, आणि नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर तो उतरवून घेण्यासाठी लागणारे इंटरनेटही मिळत नाही.

बायोसमधल्या स्टोरेजच्या कोणत्याही पर्यायाला हात लावण्यापूर्वी आणखी एक काम करावे. जुन्या विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहावे आणि चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. असा बदल केल्यावर संगणक ती की मागू शकतो, आणि ती हाताशी नसेल तर ग्राहकांच्या फायली असलेली डिस्क समोर असूनही उघडत नाही.

कंपनीला मी सविस्तर पत्र लिहून एवढीच विनंती केली आहे की, या संचाच्या मदत पानावर 'विंडोज नव्याने टाकताना डिस्क न दिसल्यास आधी स्टोरेज ड्रायव्हर द्यावा' अशी एक ओळ घालावी आणि ड्रायव्हरचा दुवा तिथेच ठेवावा. उत्तरात तक्रार क्रमांक आला आहे. ती ओळ अजून आलेली नाही.