ती लांब सीट दुसऱ्यासाठी नसते

सहलीतले डोंगर, धुकं, मुक्काम, सोबतची माणसं, सगळंच छान होतं आणि त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. लिहायचंय ते चिखलातल्या एटीव्हीबद्दल, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या, रुंद टायरांच्या चारचाकी गाडीबद्दल, त्यातही वाटेतल्या एका चढाबद्दल. तिथे जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

गाडी हातात देताना शिकवतात ते जेमतेम. हा अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, हा ब्रेक, पाय खाली टेकवायचा नाही, निघा. पाय का टेकवायचा नाही? दुचाकीची सवय असलेला माणूस गाडी कलली की आपसूक पाय काढतो, आणि इथे मागचं रुंद चाक त्याच पायावर चढतं. थ्रॉटल अंगठ्याला का? खाचखळग्यांत हात हिसके खातात. मुठीने पिळायचा थ्रॉटल असता तर प्रत्येक हिसक्याला गाडी उसळली असती. ही दोन वाक्यं सांगायला कितीसा वेळ लागतो? बाहेर गर्दी होती, पुढची तुकडी ताटकळत होती, म्हणून आम्हाला घाईघाईने पिटाळलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

गाडी मात्र लगेच आवडली. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते, हिच्यात ५च्या आसपास. त्यामुळे टायर दगडावर दबतो, चिखलावर पसरतो, आणि पायी जाताना पाऊल रुतेल अशा जागेवरून गाडी सहज निघून जाते. झाडीतला पहिला टप्पा कधी सरला कळलंही नाही.

मग मोठा चिखल आला. आमचा वाटाड्या थांबला, गाडी बंद केली, खाली उतरला आणि काठी घेऊन चिखलात चालत गेला. मधोमध काठी खुपसून खोली पाहिली. परत येऊन म्हणाला, "पाणी पायदानाच्या खालीच आहे, चला. अंगठा हलका ठेवा, पण मध्ये सोडू नका." त्याने रोज पाहिलेली वाट होती ती, तरी तो उतरला. त्या माणसाबद्दल माझा आदर तिथेच वाढला. पाणी जास्त असतं तर ते हवा ओढायच्या नळीतून इंजिनात जाऊ शकतं, नाहीतर गिअरच्या पट्ट्याला लागून पट्टा घसरू शकतो. मग गाडी जागची हलत नाही.

चिखलात जोर केला की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. सावकाश, एका लयीत गेलं तर पकड टिकते. पकड सुटतेय असं वाटलं की हँडल थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं, म्हणजे टायरच्या कडेचे दात कुठेतरी धरतात. मागचे काही जण हे न ऐकता चिखलाला वळसा घालून गवतावरून गेले. त्यांच्या चाकांनी शेजारी नवी चाकोरी पडली, आणि पुढच्या पावसात तिथेही चिखलच होणार. वाट अशीच रुंदावत जाते. चिखलात जायला आलो आहोत, तर चिखलातूनच जावं ना!

त्यानंतर तो चढ. लाल, निसरडा, मध्ये पावसाने कापलेला चर. माझ्यापुढे एक वडील होते आणि त्यांच्या मागे सात-आठ वर्षांची मुलगी, बाबांच्या कमरेला घट्ट धरून. वाटाड्याने हात वर करून त्यांना थांबवलं. "दादा, बाळाला खाली उतरवा. ती माझ्याबरोबर येईल." वडील म्हणाले, "सीट एवढी मोठी आहे की! आणि तिकडे कोणी काही बोललं नाही."

सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून. चढावर पुढे सरकून छाती हँडलकडे न्यायची, उतारावर मागे जायचं, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला झुकायचं. ही गाडी अंगाने चालवायची असते. मागे दुसरं माणूस बसलं की पुढच्याला सरकायला जागा उरत नाही, आणि चढावर तेच वजन गाडीचं तोंड वर उचलतं. गाडी मागे उलटली तर आधी मागचं माणूस तिच्याखाली येतं. १९७० साली होंडाने याच जातीची, पण तीन चाकांची गाडी आणली, तिच्यामागून इतरांनीही आणल्या. अपघात इतके वाढले की १९८८मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी करार करून नव्या तीनचाकी विकणं बंद केलं. चौथं चाक आलं म्हणून उलटायची भीती गेलेली नाही.

वाटाड्याची स्वतःची गाडी दोघांसाठी बनवलेली होती. मागे पाठ टेकायला आधार, दोन्ही बाजूंना मुठी, वेगळी पायदानं. मुलगी तिथे बसली, त्याने तिचं हेल्मेट घट्ट केलं आणि तिला वर घेऊन गेला. मग वडील एकटे निघाले. पुढे सरकले, उभ्याने गुडघे वाकवले, आणि गाडी चर ओलांडून सरळ चढली. वर पोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाही फार बरं वाटलं.

परतल्यावर मी माझ्या गाडीच्या मागच्या मडगार्डवरचा चिखल पुसला. खाली कंपनीचंच लेबल होतं, दोन माणसांच्या चित्रावर काट मारलेलं. गाड्या देतात त्या खिडकीवर जाऊन सांगितलं, तर "सगळे बसतात, ताई" एवढंच उत्तर मिळालं. त्यांना सहा लोकांकडून पैसे घ्यायचे असतात आणि गाड्या चारच असतात, याचा राग मला अजूनही आहे. बाहेर एक जोडपं एकाच गाडीवर बसून निघायच्या बेतात होतं. मी त्यांना बोलावून लेबल दाखवलं. बाईंनी ते वाचलं, उतरल्या आणि स्वतःसाठी वेगळी गाडी मागितली.