बुजलेले कोपिंग

पावसाळ्यानंतरच्या पाहणीत उच्चदाब वाहिनीच्या, उतारावरच्या एका टॉवरपाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा वरकरणी गंजाचा मागमूसही नव्हता. फक्त वरून वाहून आलेल्या मातीने एका पायाचे कोपिंग, म्हणजे काँक्रीटचा पाणी निथळण्यासाठी उतरता ठेवलेला माथा, पूर्ण बुजवले होते. मी माती काढायला लावली.

वीतभर उकरल्यावर लाइनमन थांबला. "साहेब, इथं पापुद्रे सुटतायत." त्याने हातोडीने हलकेच ठोकले, आवाज बद्द आला आणि तळहाताएवढा तपकिरी थर गळून पडला. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापत असल्याने तो अँगल, म्हणजे टॉवरच्या पायाचा एल-आकाराचा लोखंडी दांडा, आधी उलट जाडजूडच दिसत होता. तारेच्या ब्रशने घासून कॅलिपर लावला, तर मूळच्या 12 मिलिमीटरपैकी सर्वांत वाईट जागी साडेसातच मिलिमीटर धातू उरला होता. त्याच अँगलवर हातभर वर, साधारण 85 मायक्रॉनचा जस्ताचा थर करडा आणि शाबूत होता.

काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे लोखंडावर ऑक्साइडचे पातळ संरक्षक आवरण तयार होते आणि तो भाग कॅथोड, म्हणजे विजेरीसारख्या जोडीतली न झिजणारी बाजू, ठरतो. त्याच अँगलचा ओल्या मातीतला तुकडा, आधी जस्त आणि मग लोखंड गमावत, अ‍ॅनोड म्हणून झिजत राहतो. दोन्ही भागांना जोडायला वेगळी तार लागत नाही, कारण ते काम अँगलच करतो. हे सारे मला पाठ होते, तरी मागच्या वर्षीच्या अहवालात "चारही पाय सुस्थितीत" हा शेरा माझ्याच अक्षरात होता, आणि तो बहुधा त्याच मातीवर उभा राहून लिहिलेला.

साफ करून रंग मारावा आणि मोकळे व्हावे, अशी सूचना आलीच. ती मी मानली नाही. उरलेला धातू भार पेलतो का, हे तपासून होईपर्यंत टॉवरला आधाराच्या तारांचे ताण दिले. पुढे वाहिनी बंद ठेवून जोड-अँगल बोल्टने बसवला, जस्तयुक्त प्रायमरवर इपॉक्सीचा लेप दिला, कोपिंग उंच केले आणि वरच्या बाजूला पाण्यासाठी चर खणला. चराशिवाय पुढच्या पावसाळ्यात नवे कोपिंगही बुजलेच असते.

दुसऱ्या दिवशी पुढचा टॉवर उकरला. तिथलेही कोपिंग मातीखाली होते, पण माती भुसभुशीत, वाळूमिश्रित आणि कोरडी होती, आणि अँगलवरचे जस्त अजून करडेच होते.