वाफसा आणि टीपकागद

वसंतात घरात दोन उद्योग शेजारी शेजारी चालतात. खिडकीत कागदी कुंड्यांमधून रोपं वर येत असतात आणि टेबलावर फुलं दाबून ठेवलेली असतात. एकीकडे ओल टिकवायची, दुसरीकडे ओल काढायची. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: पाण्याचा अंदाज चुकतो.

कुंडीसाठी वर्तमानपत्राची 12 सेंमी रुंद आणि 40 सेंमी लांब पट्टी कापा. चकचकीत पुरवणी नको, तो कागद पाणी नीट पीत नाही आणि मातीत लवकर कुजतही नाही. साधारण 5 सेंमी व्यासाच्या सरळ बाटलीभोवती पट्टी गुंडाळा. बुडाकडे 4 सेंमी कागद बाहेर ठेवून तो चारी बाजूंनी आत दुमडा आणि बाटली टेबलावर दाबून घड्या बसवा. बाटली ओढून काढली की 8 सेंमी उंचीची कुंडी तयार. गोंद, टाचणी काही लागत नाही. अडीच वेढे पुरतात. मजबुतीच्या हौसेनं पाच वेढे दिले तर मुळांना बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रोप जमिनीत जाऊनही कुंडीतच कोंडून राहतं. कुंड्या ट्रेमध्ये एकमेकींना खेटून ठेवा; सुट्या राहिल्या तर भिजल्यावर फतकल मारतात.

भरायला भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग आणि थोडी जाड वाळू. आणखी खत घालायचा मोह आवरा. उगवण्यापुरता शिधा बी स्वतःबरोबर घेऊन येतं. हे मिश्रण मुठीत घट्ट दाबून पाहा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटानं टोचताच फुटावा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो हाच. धार लागली तर जास्त भिजलंय. पसरून तासभर वाळू द्या.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं. झिनियाला अर्धा सेंटिमीटर पुरतो. पिटुनियाचं बी मात्र धुळीसारखं असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते नुसतं वर भुरभुरवून बोटानं हलकं दाबायचं, मातीनं झाकायचं नाही. 20 ते 25 अंश सेल्सिअसला झिनिया चार ते सात दिवसांत वर येतो, कॉसमॉस सात ते दहा. तोवर वर प्लास्टिक झाका. पहिला कोंब दिसला की ते त्याच दिवशी काढा.

इथेच सगळ्यात जास्त रोपं जातात. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी मान टाकून पडलेलं दिसतं. उपटून पाहिलं तर बुडखा दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला असतो. तहान लागली असेल असं वाटून माणूस आणखी पाणी घालतो आणि शेजारचीही जातात. ही बुरशीची मर आहे. सतत ओला पृष्ठभाग, कोंडलेली हवा आणि दाट पेरणी, एवढं तिला पुरतं. पडलेलं रोप वाचत नाही. कुंडीसकट काढून टाका. बाकीच्यांना ट्रेमध्ये बोटभर पाणी ओतून खालून पाजा, वीस मिनिटांनी उरलेलं पाणी फेका आणि वरची माती फिकी दिसू लागेपर्यंत पुन्हा हात लावू नका. कागदाच्या बाहेरून येणारी पांढरी लव मात्र फारशी घाबरण्यासारखी नसते. हवा खेळत नाही, एवढंच ती सांगते.

उंच, फिकी, लुळी रोपं म्हणजे उजेड कमी पडतोय. ट्रे रोज अर्धा फिरवा. झेंडू लांबला असेल तर लावताना खोल पुरा, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. बाहेर लावण्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ वाढवत ऊन-वारा दाखवा. कुंडीसकटच लावायचं, पण कागदाची वरची कड फाडून टाका. ती मातीबाहेर राहिली तर दिव्याच्या वातीसारखं काम करते, आतलं पाणी वर ओढते आणि ते वाऱ्यावर उडून जातं. नीट पाणी घालूनही रोप का सुकतंय हे कोडं पुष्कळदा त्या दोन बोटं कागदाशी सुटतं.

झिनिया तीन-चार पानांच्या जोड्यांवर आला की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण फुटवे त्यानंच येतात. फुलदाणीसाठी फूल तोडताना फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलवा. मान डुलली तर थांबा, काठीसारखा ताठ राहिला तरच कापा.

आता दाबायची फुलं. ती दव पूर्ण उडाल्यावर तोडा, पावसानंतर तर नकोच. पॅन्सी, कॉसमॉस, लार्कस्पर, नेच्याची पानं सोपी जातात. गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करा. अख्खा गुलाब आतून कुजतो. पुठ्ठा, टीपकागद, फुलं, टीपकागद, पुठ्ठा असा थर लावून वर आठ-दहा किलो वजन ठेवा. नक्षीदार पेपर नॅपकिन वापरू नका, पाकळीवर ठिपके उमटतात. टीपकागद दुसऱ्या दिवशी बदला, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा. पहिली बदली टाळली की फुलं हमखास तपकिरी पडतात, कारण पाणी रेंगाळतं तोवर पेशींतली रसायनं हवेशी खेळत राहतात. पांढरी फुलं तरीही थोडी पिवळट होतातच.

दोन-तीन आठवड्यांनी एक पाकळी गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. कागदासारखी कोरडी लागली की काढा.

चिकटवायला पांढरा गोंद जाडसरच घ्या. पाण्यानं पातळ केला तर पाकळी पुन्हा भिजून सुरकुतते. काडीच्या टोकानं फुलाच्या मध्याशी एक थेंब आणि मोठ्या पाकळ्यांच्या मुळाशी एकेक टिंब, बस्स. वर बेकिंगचा कागद ठेवून रात्रभर पुस्तकाखाली दाबा. साधा कागद ठेवलात तर सकाळी फूल त्यालाच चिकटून वर येईल.