तुम्ही विचारलंत म्हणून: कन्सल्टंटकडे लागावं का?

सिव्हिलचा निकाल लागला की फोन सुरू होतात. मुलांचे कमी, आई-वडिलांचे जास्त. "मॅडम, स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे चिकटवावं की बिल्डरकडे साइटवर?" मी पुण्यात बरीच वर्षं कन्सल्टंटकडेच, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन आणि ड्रॉइंग करून देणाऱ्या ऑफिसात, काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं मत, जावं. पण ऑफिस बघून.

साइटवर एकाच इमारतीत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. तेवढ्या काळात कन्सल्टंटच्या टेबलावरून पाण्याची टाकी, शाळा, रिटेनिंग वॉल, टॉवर, जुन्या वाड्याची दुरुस्ती असं कायकाय जातं. चुकलं तर का चुकलं हे सांगणारा सीनियर शेजारी बसलेला असतो. इतकं भराभर शिकायला दुसरीकडे मिळत नाही.

पगार सुरुवातीला कमीच असतो. बिल्डर फी टप्प्याटप्प्याने, स्लॅब पडेल तशी देतो आणि शेवटचा हप्ता बहुतेक वेळा अडकतो. त्याची झळ ज्युनियरच्या पगाराला लागते. "उद्या स्लॅब आहे, ड्रॉइंग आज द्या" हेही नेहमीचं. ड्रॉइंगवर नाव फर्मचं, सही परवानाधारक इंजिनियरची. हे सगळं सोसता येतं.

खरी अडचण निराळी आहे. आपण सल्ला देतो, आणि त्याचे पैसे देणाऱ्यालाच स्टील वाचवायचं असतं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, स्क्वेअर फुटाला किती किलो बसतंय? मग, पार्किंगमधला हा कॉलम काढा, दोन गाड्या जास्त बसतील. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला होता. हे माहीत असताना "नाही" म्हणावंच लागतं, आणि तसं म्हटल्यावर काम दुसऱ्या कन्सल्टंटकडे जाऊ शकतं. तुमचे साहेब अशा वेळी काय करतात, यावर तुम्ही कसे इंजिनियर होणार हे बरंचसं ठरतं.

दुसरा तोटा, दिवसभर ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करत बसायचं आणि सळई प्रत्यक्ष बांधलेली बघायचीच नाही. काही ऑफिसांत ज्युनियर वर्षानुवर्षं असेच बसून असतात. मला त्याची फार काळजी वाटते.

कॉलमच्या रिंगचंच बघा, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधतात त्या आडव्या सळईच्या कड्याचं. आयएस १३९२० हे भूकंपासाठीचं भारतीय मानक सांगतं, रिंगचं टोक १३५ अंशांत आत वळवा. ड्रॉइंगमध्ये ती एक बारीक रेघ असते. साइटवर फिटर ते ९० अंशांत वळवतो, कारण बांधायला सोपं जातं. भूकंपात बाहेरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून पडलं की ९० अंशांचं टोक उघडतं, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. किंवा बाल्कनी घ्या. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला हवी, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरूनच चालतात. खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे टेकू, दिलेल्या नसल्या तर सळई दबून तळाशी जाते. ड्रॉइंग शंभर टक्के बरोबर आणि बाल्कनी धोक्याची! हे ज्याने काँक्रीट ओतण्याआधीच्या स्लॅब चेकिंगला वाकून, टेप लावून पाहिलं, त्याच्या पुढच्या ड्रॉइंगमध्ये फरक पडतोच. चेअर किती अंतरावर हव्यात, हे तो न सांगता लिहून देतो.

म्हणून मुलाखतीला गेलात की पगाराआधी विचारा: स्लॅब चेकिंगला ज्युनियरला नेता का? माझं डिझाइन कोण तपासणार? साइटवर चूक सापडली तर स्लॅब थांबवायचा अधिकार मला असेल का, की आधी फोन करावा लागेल? उत्तरं गुळमुळीत आली, तर दोन पैसे कमी देणारं पण साइटवर नेणारं दुसरं ऑफिस शोधा. बिल्डरकडेच जायचं ठरलं तरी आधी तीन-चार वर्षं अशा ठिकाणी काढा. ड्रॉइंग वाचून प्रश्न विचारणारा साइट इंजिनियर सगळ्यांनाच हवा असतो.

मुलींच्या आई-वडिलांना एक वेगळं सांगते. "साइटवर पाठवतात" म्हणून नोकरी नाकारायला लावू नका. चेकिंग बहुतेक दिवसाउजेडी होतं. ऑफिसकडून सेफ्टी शूज, हेल्मेट आणि जायला-यायला गाडी मागून घ्या, आणि साइटवर स्वच्छतागृह आहे का तेही पहिल्याच दिवशी विचारायला सांगा.