क्लस्टरवर नंबर लागेपर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लॅपटॉपने हात टेकले. एका प्रथिनाची पाण्यातली हालचाल बघायची होती: पाणी धरून ३०,००० अणू, काळ १०० नॅनोसेकंद. अणूंची हालचाल मोजणारा ग्रोमॅक्स हा प्रोग्रॅम एका पावलाला २ फेम्टोसेकंद पुढे सरकतो (एका नॅनोसेकंदात १० लाख फेम्टोसेकंद), म्हणजे ५ कोटी पावलं. लॅपटॉपवर दिवसाला जेमतेम २ नॅनोसेकंद व्हायचे. शेवटी विद्यापीठाच्या क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बऱ्याच संगणकांवर, खातं काढलं. त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड.

पहिल्याच दिवशी चूक केली. लॉगिन केलं आणि तिथंच प्रोग्रॅम सुरू केला. लॉगिन नोडवर फक्त फाइली ठेवायच्या, स्क्रिप्ट लिहायची आणि जॉब, म्हणजे चालवायचं काम, रांगेत लावायचा. गणित कम्प्यूट नोडवर होतं. मी तिथंच ठाण मांडल्यामुळे बाकीच्यांचं काम अडलं. सिस्टीम बघणाऱ्या सरांनी ते बंद केलं आणि फोनवर शांतपणे समजावलं. मला फार लाज वाटली.

मग जास्त कोअर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) म्हणजे जास्त वेग, असं धरून चार नोड मागितले, तेही कमाल मुदतीसाठी, ७२ तासांसाठी. तीन दिवस नावापुढे 'पीडी', म्हणजे पेंडिंग. दांडिया बाजारातल्या घरी जेवताना मी मोबाइलवर सारखं एसक्यू, म्हणजे रांग दाखवणारी कमांड, चालवून बघायची. आई विचारायची, "अजून नंबर नाही लागला?"

लॅबमधल्या ताईने विचारलं, "अगं, चार नोड लागतात हे मोजलंस का?" मोजलं नव्हतं. तिने दहा-दहा मिनिटांच्या चाचण्या करायला लावल्या. एका नोडच्या १६ कोअरवर दिवसाला २० नॅनोसेकंदांचा वेग, चार नोडांच्या ६४ वर फक्त ३८. अणू नोडांमध्ये वाटले जातात आणि प्रत्येक पावलाला नोडांना एकमेकांना निरोप द्यावा लागतो. अणू थोडे असले की बराच वेळ त्या निरोपांतच जातो. म्हणजे दुप्पटही नसलेल्या वेगासाठी मी दुसऱ्या कुणाचे तीन नोड अडवणार होते.

एक नोड लगेच मिळाला. ६० नॅनोसेकंद झाले आणि ७२ तास संपले. स्लर्मने, म्हणजे क्लस्टरची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, जॉब तोडला. आउटपुट फाइलच्या तळाशी एकच ओळ: 'कॅन्सल्ड ड्यू टू टाइम लिमिट'. सगळं वाया गेलं असं समजून, पुन्हा पहिल्यापासून चालवायला मी तो फोल्डरच पुसून टाकला. ताईने विचारलं, "सीपीटी फाइल कुठंय?" ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी आपली स्थिती त्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, तिथूनच पुढे चालवता येतं. तीन दिवसांचं काम माझ्याच हाताने गेलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या वेळी १२-१२ तासांचे तुकडे केले. स्क्रिप्टमध्ये 'मॅक्सएच', म्हणजे जास्तीत जास्त किती तास चालायचं तो आकडा, ११.५ ठेवला; मग मुदतीआधी ग्रोमॅक्स स्वतः सीपीटी फाइल लिहून थांबतं. 'सीपीआय' या पर्यायाने ती फाइल दिली की पुढचा तुकडा तिथूनच उचलतो. शिवाय प्रत्येक तुकडा आधीचा संपल्यावरच सुरू व्हावा, असं बांधून दिलं. मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे होईपर्यंत जी फट राहते, तिथं स्लर्म असे छोटे जॉब बसवतं. माझे बरेच तुकडे रात्रीतून लागले. खरा वेळ लिहिला की आपलीही सोय होते आणि रांगेतल्या दुसऱ्याचीही, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

अकरावा तुकडा सकाळी संपला. सगळ्यात आधी सीपीटी फाइल हार्डडिस्कवर उतरवली, मग आईला सांगितलं.